चर्चविषयी लिहिताना: स्रोत कसे पारखावेत, हितसंबंध कसे उघड करावेत

एखाद्या चर्चविषयी बारकाईने माहिती असणारी माणसे बहुधा त्या चर्चशी कोणत्या ना कोणत्या नात्याने बांधलेली असतात, मग ते चर्च एखादी छोटी मंडळी असो की अनेक देशांत पसरलेला संप्रदाय. कोणी सभासद असतो, कोणी पाळक किंवा विश्वस्त असतो, कोणी कटुता मनात ठेवून बाहेर पडलेला असतो, तर कोणी दुसऱ्या संप्रदायातला असून याच चर्चशी वर्षानुवर्षे वाद घालत आलेला असतो. ज्यांचा कसलाच संबंध नाही त्यांना सहसा फारशी माहितीही नसते. त्यामुळे हितसंबंध असलेला प्रत्येक स्रोत बाद करायचा ठरवले तर लिहायला हाताशी काही उरत नाही, आणि आतल्या माणसालाच खरे ठाऊक असे म्हणून सगळे स्वीकारले तर लेखाचे माहितीपत्रक होते. येथे सुचवलेली पद्धत या दोन्हींपेक्षा वेगळी आणि थोडी कष्टाची आहे. संपूर्ण स्रोतावर एकदाच चांगला किंवा वाईट असा शिक्का मारायचा नाही. लेखातल्या प्रत्येक विधानापाशी थांबून विचारायचे की हे विधान वाचकाने मानले तर या स्रोताचा काय फायदा होतो, आणि न मानले तर त्याचे काय बिघडते.

या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे विधान खरे की खोटे हे ठरले, असे मात्र समजू नये. चर्चच्या इतिहासातलेच एक प्रसिद्ध प्रकरण या बाबतीत डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पोप सिल्वेस्टर यांना पश्चिम साम्राज्यावरचा अधिकार दिला, असे सांगणारे एक दानपत्र मध्ययुगात अनेक शतके खरे मानले जात होते. लोरेन्झो वाल्ला या विद्वानाने १४४० मध्ये त्यातली लॅटिन भाषा तपासून दाखवून दिले की ते चौथ्या शतकातले, म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या काळातले, असूच शकत नाही. रोमन अधिकाऱ्यांच्या यादीत ‘सत्रप’, म्हणजे इराणी साम्राज्यातले सुभेदार, कोठून आले, हा त्याचा एक प्रश्न होता. आता वाल्लाचे हितसंबंध पाहा. तो नेपल्सवर हक्क सांगणाऱ्या राजा अल्फोन्सोच्या पदरी होता आणि त्या राजाचे पोप चौथे युजीन यांच्याशी वैर होते. म्हणजे धन्याला हवे तेच तो लिहीत होता. त्याआधी काही वर्षे निकोलस ऑफ क्युसा यानेही या दानपत्रावर शंका घेतली होती. तो चर्चमधलाच माणूस, पुढे कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी, झाला. पण त्या काळात पोपपेक्षा धर्मपरिषदेचा अधिकार मोठा मानणाऱ्यांच्या बाजूने तो उभा होता. दोघांपैकी कोणीही तटस्थ नव्हता आणि दोघांचेही म्हणणे बरोबर होते, कारण त्यांनी मांडलेले पुरावे त्यांच्यावर विश्वास न ठेवताही कोणालाही तपासता येत होते. हितसंबंध दिसला की सावध व्हायचे असते. खंडन मात्र पुराव्यानेच करावे लागते.

सुरुवात स्वतःपासून

स्रोतांच्या आधी लिहिणाऱ्याने स्वतःची तपासणी करावी. येथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. एखाद्या धर्मावर श्रद्धा असणे किंवा कोणत्याच धर्मावर श्रद्धा नसणे हा हितसंबंधांचा संघर्ष नव्हे. तसे असते तर धर्माविषयी लिहायला पृथ्वीवर कोणीच पात्र ठरले नसते. संघर्ष निर्माण होतो तो भूमिकेमुळे: तुम्ही त्या चर्चचे पगारी कर्मचारी आहात, विश्वस्त मंडळावर किंवा कार्यकारिणीवर आहात, पाळकांचे नातेवाईक आहात, प्रसिद्धीचे काम मोबदला घेऊन करत आहात, चर्चच्या मालमत्तेशी तुमचा व्यवहार आहे, किंवा चर्चविरुद्धच्या खटल्यात तुम्ही पक्षकार आहात. शेवटची बाब लोक सोयीने विसरतात. चर्चकडून अन्याय झालेल्या आणि त्यासाठी भरपाई मागणाऱ्या माणसाचा हितसंबंध चर्चच्या प्रवक्त्याइतकाच खरा असतो, मग आपली सहानुभूती कोणाकडेही असो.

विकिपीडियावर हा प्रश्न उघड्यावर लढला गेला, म्हणून त्यातून बरेच शिकता येते. मे २००९ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीने चर्च ऑफ सायंटॉलॉजीच्या मालकीच्या इंटरनेट पत्त्यांवरून होणारे संपादन रोखले, कारण त्या पत्त्यांवरून संस्थेबद्दलच्या लेखांत तिला सोयीचे फेरफार होत होते. बातम्या एवढ्याच भागाच्या झाल्या. त्याच निर्णयात संस्थेच्या काही कट्टर टीकाकारांनाही या विषयावर लिहिण्यास मनाई करण्यात आली होती, हा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पुढे जून २०१४ पासून विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या वापराच्या अटींत मोबदला घेऊन केलेले लेखन जाहीर करण्याचे बंधन आले. तुम्ही कोठेही लिहीत असाल, विश्वकोशात, मासिकात किंवा स्वतंत्र पुस्तिकेत, ही किमान अपेक्षा आपणहून पाळावी.

जाहीर करायचे ते मोघम नको. ‘लेखकाला या चर्चविषयी आस्था आहे’ या वाक्यातून वाचकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘मी या चर्चचा सभासद असून बांधकाम समितीवर काम केले आहे. जुन्या इमारतीसंबंधीच्या वादात मी समितीच्या बाजूने होतो. लेखाचा त्या वादावरचा भाग समितीशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडून तपासून घेतला आहे.’ तीन वाक्ये पुरतात, पण त्यांत नाते काय, ते कोणत्या मुद्द्यावर आड येते आणि त्यावर काय उपाय केला, हे तिन्ही आले पाहिजे. उपाय करता येत नसेल तर तो भाग आपण लिहू नये. कागदपत्रे आणि माहिती जमवून दुसऱ्याच्या हाती द्यावी. आतल्या माणसाकडून होणारी ही मदत फार मोलाची असते आणि तिला कोणाचा आक्षेपही नसतो.

एक वाक्य सोडवून पाहू

चर्चविषयीच्या लेखनात सर्वाधिक वापरला जाणारा स्रोत म्हणजे महोत्सवाच्या निमित्ताने निघालेली स्मरणिका. समजा, अशा एका स्मरणिकेत हे वाक्य आहे: ‘१८८९ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या चर्चने अनेक संकटांवर मात केली, आणि आज पाच हजार विश्वासणाऱ्यांचे हे कुटुंब या परिसरातील सर्वांत मोठे चर्च आहे.’ लेखक हे वाक्य बहुधा जसेच्या तसे उचलतो आणि खाली स्मरणिकेचे नाव देतो. प्रत्यक्षात या एका वाक्यात चार विधाने आहेत आणि त्या प्रत्येकाची पत वेगळी आहे.

पहिले विधान स्थापनेच्या वर्षाचे. असे साधे तपशील देण्यासाठी चर्चचे स्वतःचे प्रकाशन चालते, कारण त्यात खोटे सांगून फारसा लाभ नसतो. तरीही एक प्रश्न विचारावा लागतो: स्थापना म्हणजे नेमके काय? कोणाच्या तरी घरी भरलेली पहिली प्रार्थनासभा, पहिला बाप्तिस्मा, कोनशिला बसवणे, इमारतीचे समर्पण, की संस्थेची कायदेशीर नोंदणी? या पाच घटनांमध्ये काही दशकांचे अंतर असू शकते, आणि महोत्सवाला सोयीची तीच तारीख निवडली जाण्याचा संभव असतो. चर्चमध्ये फूट पडलेली असेल तर दोन्ही गट एकच स्थापनावर्ष सांगतात. तेव्हा ते वर्ष साधा तपशील राहत नाही, तो वारसाहक्काचा दावा होतो. बाप्तिस्म्याची नोंदवही, सभांची इतिवृत्ते आणि नोंदणीचे कागद येथे उपयोगी पडतात. त्यांतून मिळालेली तारीख ‘इमारतीचे समर्पण १८८९ मध्ये झाले’ अशी घटनेच्या नावासह लिहावी.

दुसरे विधान संकटांचे. येथे स्मरणिकेवर जवळजवळ काहीच टेकवू नये. कोणती संकटे, कोणी ओढवून घेतलेली, त्यात पैशांचा गैरव्यवहार होता की पाळकांविरुद्धची तक्रार, हे सांगण्यात प्रकाशकाचे नुकसान असते. अशा जागी ‘मतभेद झाले’, ‘कठीण काळ आला’ असे शब्द येतात. स्मरणिकेत ज्या दोन-चार वर्षांबद्दल काहीच मजकूर नाही, किंवा एखाद्या पाळकाचे नाव यादीत आहे पण छायाचित्र आणि गौरवपर परिच्छेद नाही, ती वर्षे वहीत टिपून ठेवावीत आणि त्या काळातली वर्तमानपत्रे व न्यायालयीन कागद आवर्जून पाहावेत.

तिसरे विधान पाच हजारांचे, आणि यावर सर्वांत जास्त वेळ घालवावा. चर्चची सभासदसंख्या हा एकच आकडा नसतो. कॅथलिक चर्च बाप्तिस्मा झालेल्यांना मोजते, त्यात तान्ही मुलेही येतात. बॅप्टिस्ट परंपरेत विश्वास कबूल करून बाप्तिस्मा घेतलेलेच सभासद धरले जातात, त्यामुळे लहान मुले गणनेत नसतात. जर्मनीत चर्चकर आकारला जात असल्याने सभासदत्वाची दखल सरकारी यंत्रणा घेते आणि चर्च सोडण्यासाठी अधिकृत नोंद करावी लागते. तेथील आकडे म्हणून अधिक घट्ट असतात. अन्यत्र गाव सोडून गेलेले, दुसऱ्या चर्चमध्ये गेलेले आणि कधी कधी मरण पावलेलेही वहीत राहतात. उपासनेला प्रत्यक्ष येणारे किती, हा तर निराळाच आकडा. लोक स्वतःबद्दल सांगतात तेही तपासूनच घ्यावे लागते: कर्क हॅडवे, पेनी लाँग मार्लर आणि मार्क चेव्ह्ज या समाजशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की अमेरिकेत जनमत चाचण्यांतून दिसणाऱ्या साप्ताहिक उपस्थितीपेक्षा त्यांनी मोजलेली प्रत्यक्ष उपस्थिती जवळपास निम्मी होती. त्यामुळे लेखात ‘पाच हजार सभासद’ असे न लिहिता ‘चर्चच्या स्वतःच्या नोंदीनुसार बाप्तिस्मा झालेले सुमारे पाच हजार’ असे लिहावे, वर्ष द्यावे, आणि स्वतंत्र मोजणी उपलब्ध असेल तर ती शेजारी मांडावी. दोन आकड्यांची सरासरी काढण्याचा मोह टाळावा. वेगळ्या गोष्टी मोजणाऱ्या आकड्यांची सरासरी निरर्थक असते.

चौथे विधान ‘सर्वांत मोठे’. ही तुलना आहे, आणि तुलना करणारा स्वतःच स्पर्धेत आहे. स्वतंत्र स्रोत नसेल तर हे विधान गाळावे. ‘पहिले’, ‘सर्वांत जुने’, ‘एकमेव’ या शब्दांनाही हाच न्याय लावावा.

स्वतंत्र दिसणारे, पण स्वतंत्र नसलेले

छापील आहे आणि चर्चने छापलेले नाही, एवढ्यावर स्रोत स्वतंत्र ठरत नाही. वर्तमानपत्रातली महोत्सवाची बातमी बऱ्याचदा चर्चच्या प्रसिद्धिपत्रकाचीच नक्कल असते. पुढच्या स्मरणिकेत त्याच बातमीचा हवाला दिला जातो आणि एक दावा दोन पायांवर उभा असल्याचा भास होतो. दोन स्रोतांत एकच चूक, एकच विचित्र शब्दप्रयोग किंवा तपशिलांचा तोच क्रम आढळला, तर ते दोन नाहीत असे खुशाल समजावे.

मालकीही पाहावी, पण आंधळेपणाने नव्हे. ‘द ख्रिश्चन सायन्स मॉनिटर’ हे १९०८ मध्ये मेरी बेकर एडी यांनी सुरू केलेले वृत्तपत्र त्यांच्याच चर्चकडून प्रकाशित होते, तरी परराष्ट्र बातम्यांसाठी त्याचा लौकिक उत्तम आहे. ‘डेझरेट न्यूज’ची मालकी मॉर्मन चर्चकडे आहे; ‘द वॉशिंग्टन टाइम्स’ १९८२ मध्ये सन म्यंग मून यांच्या युनिफिकेशन चर्चने काढले. युद्धाच्या किंवा निवडणुकीच्या बातमीसाठी ही मालकी दुय्यम ठरेल. त्या-त्या चर्चविषयीच्या बातमीसाठी मात्र ती पहिल्या ओळीत सांगण्याइतकी महत्त्वाची आहे. कॅथलिक पुस्तकांवर छापलेल्या ‘इम्प्रिमातूर’ या परवानगीबाबतही गैरसमज असतो. त्यातून एवढेच कळते की पुस्तकात धर्मशिकवणीला बाधक असे काही चर्चला आढळले नाही; त्यातल्या सनावळ्या आणि घटना कोणी पडताळल्या, असा त्याचा अर्थ नाही.

विद्यापीठातल्या अभ्यासकांचे लेखन सर्वसाधारणपणे वरच्या पायरीवर ठेवावे, कारण ते इतर जाणकारांच्या तपासणीतून जाते. पण पैसा कोठून आला हे त्यांनाही विचारावे. मार्च १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन हा विषारी वायू सोडला गेला, त्यानंतर ओम शिनरिक्यो या जपानी धार्मिक संघटनेच्या खर्चाने काही अमेरिकी अभ्यासक जपानला गेले आणि तिच्यावर अन्याय होत असल्याची भूमिका त्यांनी मांडली. हल्ला त्या संघटनेनेच केला होता, हे नंतर न्यायालयात सिद्ध झाले. प्रवासखर्च कोणी दिला हे लेखाच्या तळटिपेतही सापडत नसेल, तर ते शोधणे आपले काम आहे.

चर्च सोडून गेलेल्यांच्या कथनाबद्दल धर्माच्या अभ्यासकांत जुना वाद आहे: एका बाजूला, त्यांना बाहेर पडण्याचे समर्थन करायचे असते म्हणून ते रंगवून सांगतात असे म्हणणारे, दुसऱ्या बाजूला, बंदिस्त संस्थेतली माहिती त्यांच्याशिवाय कोणाकडून मिळणार असे विचारणारे. माझे मत दुसऱ्यांकडे झुकते, मात्र एका अटीवर. त्यांनी स्वतः पाहिलेले, ऐकलेले आणि तर्काने काढलेले हे तीन भाग वेगळे करून घ्यावेत, आणि केवळ पहिल्या भागासाठी त्यांचा आधार घ्यावा. हीच अट निष्ठावान सभासदांनाही लावावी. ‘आमच्याकडे असे कधी घडलेच नाही’ हे विधान तर जवळजवळ नेहमी तिसऱ्या भागात मोडते.

आरोप, खटले आणि जिवंत माणसे

येथे चुकीची किंमत लेखकाऐवजी दुसऱ्याला मोजावी लागते, म्हणून निकष कडक हवेत. न्यायालयीन कागद हा उत्तम स्रोत आहे, पण त्यात कोण बोलत आहे ते पाहावे लागते. फिर्यादीतला मजकूर हा आरोप असतो, उत्तरात दिलेला मजकूर हा बचाव असतो, आणि निकालपत्राच्या पहिल्या काही पानांत न्यायाधीश बहुधा या दोन्ही बाजूंचे म्हणणेच नमूद करतात. त्या पानांतले वाक्य उचलून ‘न्यायालयाने म्हटले आहे’ असे लिहिणे ही सर्रास होणारी चूक आहे. निष्कर्षापर्यंत वाचत जावे, आणि मग अपिलाचे काय झाले ते शोधावे. कार्डिनल जॉर्ज पेल यांना बाललैंगिक अत्याचाराच्या खटल्यात डिसेंबर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात ज्यूरीने दोषी ठरवले. एप्रिल २०२० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने ती दोषसिद्धी एकमताने रद्द केली. २०१९ मधला एखादा दर्जेदार, स्वतंत्र, सर्व कसोट्यांना उतरणारा लेखही आज या मुद्द्यावर अपुरा आहे. विश्वासार्हतेला तारीख असते, हे संदर्भ देताना लक्षात ठेवावे.

याच्या उलट बाजूही आहे. ‘द बोस्टन ग्लोब’ने जानेवारी २००२ पासून बोस्टनच्या कॅथलिक धर्मप्रांतातील बाललैंगिक अत्याचार आणि ते दडपण्याची पद्धत उघड केली, तेव्हा त्या वृत्तमालेचे बळ पीडितांच्या साक्षींइतकेच धर्मप्रांताच्या स्वतःच्या कागदांत होते. ते मोहोरबंद कागद खुले व्हावेत म्हणून वृत्तपत्र न्यायालयात गेले होते. संस्थेने स्वतःच्या कामासाठी, प्रसिद्धीचा विचार न करता लिहिलेला अंतर्गत पत्रव्यवहार तिच्या प्रसिद्धिपत्रकापेक्षा कितीतरी वजनदार असतो, आणि संस्थेला अडचणीत आणणारी कबुली तिच्याच कागदात सापडली तर तिला सर्वाधिक वजन द्यावे.

सार्वजनिक पद नसलेल्या व्यक्तीवरचा, कोठेही सिद्ध न झालेला आरोप नावानिशी लिहू नये. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतून पालकत्वासंबंधीचे तपशील बाहेर काढण्याचाही अधिकार लेखकाला नसतो. आपल्या हाती वही आली म्हणजे तिच्यातले सगळे छापायला परवानगी मिळाली असे होत नाही.

अभिलेखागार आणि न दाखवलेले कागद

चर्चचे अभिलेखागार बहुधा चर्चच्याच ताब्यात असते, आणि काय दाखवायचे हे तेच ठरवते. व्हॅटिकनचे अभिलेखागार पोप तेरावे लिओ यांनी १८८१ मध्ये अभ्यासकांसाठी उघडले, पण बारावे पायस यांच्या कारकिर्दीतले कागद, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलेही, मार्च २०२० मध्ये खुले झाले. त्याआधी या पोपविषयी लिहिणाऱ्या सर्वांनाच अर्धवट सामग्रीवर काम करावे लागले. लहान चर्चमध्येही असेच घडते, फक्त ते कोठे जाहीर होत नाही. म्हणून पाहिलेल्या कागदांबरोबर, मागूनही न मिळालेल्या कागदांची यादी ठेवावी, आणि लेखात ‘या वर्षांची इतिवृत्ते लेखकाला पाहायला मिळाली नाहीत’ असे साधेपणाने नमूद करावे. कोणी सहकार्याच्या बदल्यात लेखाचा मसुदा मंजुरीसाठी मागितला तर नकार द्यावा. तपशिलांची शहानिशा करण्यासाठी विशिष्ट वाक्ये दाखवणे वेगळे, आणि मजकुरावर अधिकार देणे वेगळे.

लेख प्रसिद्ध झाल्यावर आक्षेप येतील, चर्चकडून आणि विरोधकांकडूनही. प्रत्येक आक्षेप लेखी मागवावा, तो कोणत्या वाक्यावर आहे आणि कोणत्या पुराव्यावर आधारलेला आहे हे विचारावे, आणि आक्षेप घेणाऱ्याचे नाते काय ते नोंदवून ठेवावे. पुरावा पटला तर दुरुस्ती तारखेसह दाखवून करावी. पटला नाही तर का पटला नाही हे दोन ओळींत कळवावे. संदर्भासाठी वापरलेल्या संकेतस्थळांच्या पानांची प्रत आधीच जतन करून ठेवलेली असावी, कारण वादग्रस्त मजकूर असलेली पाने पुढे बदलतात किंवा नाहीशी होतात, आणि मग आपण काय वाचले होते हे दाखवायला हाती काहीच राहत नाही.